‘किती छान मराठी बोलता तुम्ही!’

साताऱ्यात किंवा रत्नागिरीत जन्मलेल्या, घरात पिढ्यान्‌पिढ्या मराठीच बोलणाऱ्या मुस्लिम माणसाला हे वाक्य आयुष्यभर ऐकावं लागतं. बँकेत, पालकसभेत, रेल्वेच्या डब्यात. म्हणणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं, उलट कौतुकच असतं. पण त्या कौतुकाच्या पोटात एक गोष्ट गृहीत धरलेली असते. ही भाषा तुमची नाही, तुम्ही ती कुठूनतरी मिळवलीत, आणि ती तुम्हाला कितपत जमली हे ठरवायचा हक्क माझा. कुलकर्णी किंवा पाटील आडनावाच्या माणसाला असं कुणी म्हणत नाही. त्याची मराठी कितीही धेडगुजरी असली तरी ती त्याची स्वतःची मानली जाते.

नवी भाषा शिकायची म्हणजे बुद्धी हवी, चिकाटी हवी, चांगला शिक्षक हवा, असं आपण मानतो. ते खरंच आहे. पण माझं म्हणणं असं की भाषा शिकण्याचा निम्मा भाग शिकणाऱ्याच्या हातात नसतोच. तो ऐकणाऱ्याच्या हातात असतो. आणि ऐकणाऱ्याने पुष्कळदा पहिला शब्द कानावर पडायच्या आतच चेहरा, कातडीचा रंग, आडनाव, धर्म, जात पाहून निकाल दिलेला असतो. महाराष्ट्रात ‘मराठी शिका, मराठी बोला’ हा आग्रह आज ज्या जोराने धरला जातो आहे, तो पाहता या दुसऱ्या अर्ध्या भागाबद्दल बोलणं आपल्याला टाळता येणार नाही.

१९९२ साली अमेरिकेतल्या जॉर्जिया विद्यापीठात डोनाल्ड रुबिन यांनी केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्यांना एक छोटं व्याख्यान टेपवर ऐकवलं. आवाज इंग्रजी हीच मातृभाषा असलेल्या एका अमेरिकन स्त्रीचा. ऐकताना व्याख्यातीचा म्हणून एक फोटो समोर ठेवला होता. काहींना गोऱ्या स्त्रीचा, काहींना पूर्व आशियाई चेहऱ्याच्या स्त्रीचा. टेप एकच होती. तरीही आशियाई चेहरा पाहणाऱ्यांना उच्चार परके वाटले, आणि नंतर व्याख्यानातल्या मजकुरावर घेतलेल्या चाचणीत त्यांना गुणही कमी पडले. मला या प्रयोगातला दुसरा भाग पहिल्यापेक्षा गंभीर वाटतो. चेहरा पाहून कुणी नाक मुरडेल हे एक वेळ समजू शकतं. इथे तर चेहऱ्यामुळे समोरच्याला बोलणंच कमी कळलं. म्हणजे बोलणाऱ्याने उच्चार कितीही घासूनपुसून लखलखीत केले तरी उपयोग नाही, कारण अडचण त्याच्या जिभेत नव्हतीच.

पुण्या-मुंबईच्या कॉल सेंटरांत काम केलेल्या मुलामुलींना हे सांगावं लागणार नाही. रात्रपाळीला बसण्याआधी त्यांना उच्चार ‘न्यूट्रल’ करायचं प्रशिक्षण मिळायचं आणि पुष्कळ ठिकाणी एक इंग्रजी नावही मिळायचं. उच्चारांचं प्रशिक्षण समजण्यासारखं आहे. पण नाव कशाला बदलायचं? नावाने तर व्याकरण बिघडत नाही. पलीकडच्या माणसाने ऐकण्याआधीच फोन ठेवू नये म्हणून ते बदलायचं होतं. आता बोलणाऱ्याचा हेल जागच्या जागी बदलून पलीकडे पोचवणारं सॉफ्टवेअर आलं आहे. ऐकणाऱ्याने कणभरही कष्ट घेऊ नयेत यासाठी एवढी यंत्रणा उभी राहते, आणि परक्या भाषेत रात्रभर बोलणाऱ्या मुलीचे कष्ट मात्र कुणाच्या हिशेबात नाहीत.

अमेरिकेत जे रंगावरून होतं ते आपल्याकडे जातीवरून होत आलं आहे, आणि त्याची सर्वांत ठळक नोंद संस्कृतच्या बाबतीत आहे. एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये शिकणाऱ्या भीमराव आंबेडकरांना दुसरी भाषा म्हणून संस्कृत घ्यायचं होतं. अस्पृश्य मुलाला ते मिळालं नाही, पर्शियन घ्यावं लागलं. हा प्रसंग आपल्याला पाठ असतो, पण त्याचा पुढचा भाग फारसा सांगितला जात नाही. १९४६ साली शूद्र मुळात कोण होते याविषयीचं आपलं संशोधन प्रसिद्ध करताना बाबासाहेबांना प्रस्तावनेत एका आक्षेपाला उत्तर द्यावं लागलं. आक्षेप असा की संस्कृत न येणाऱ्याने या विषयावर लिहावं का. त्यांनी उत्तर दिलं की संस्कृतमधलं बहुतेक साहित्य इंग्रजी अनुवादात उपलब्ध आहे, आणि पंधरा वर्षं त्याचा अभ्यास केल्यावर आपल्यासारख्या बेताच्या बुद्धीच्या माणसालाही या कामाचा अधिकार यायला हरकत नाही. लहानपणी ज्याला वर्गाच्या दारातूनच परत पाठवलं, त्याच्याकडे पन्नाशीत त्याच वर्गाचा दाखला मागायचा! भाषेची दारं बंद करण्याचा खरा फायदा कुणाला होतो, हे या एका प्रसंगात दिसतं. आधी भाषा शिकू द्यायची नाही, आणि मग ती येत नाही म्हणून बोलू द्यायचं नाही.

बाबासाहेबांनी संस्कृतचा राग धरला नाही, हेही इथे सांगायला हवं. त्यांनी पुढे स्वतः ती भाषा अभ्यासली. १९४९ साली संविधान सभेत राजभाषेचा वाद चालू असताना संस्कृतच्या बाजूने मांडल्या गेलेल्या दुरुस्तीला पाठिंबा देणाऱ्यांत त्यांचं नाव होतं. ज्या भाषेने आपल्याला नाकारलं तिच्यावर हक्क सांगणं हे किती मोठ्या मनाचं काम आहे!

नागपूरच्या कुमुद पावडे यांनी तो हक्क प्रत्यक्ष बजावला. दलित घरातली मुलगी शाळेत गोखले गुरुजींकडे संस्कृत शिकली, एम.ए. झाली, आणि मग तिला कळलं की पदवी मिळाली तरी शिकवायची जागा मिळत नाही. सोमकुवर या माहेरच्या आडनावाने नोकरी मिळाली नाही. आंतरजातीय लग्नानंतर त्या पावडे झाल्या आणि सरकारी महाविद्यालयात अध्यापिका म्हणून रुजू झाल्या. या यशाचं श्रेय सोमकुवरचं नसून पावडेचं आहे, असं त्यांनी आत्मकथनात स्पष्ट लिहून ठेवलं आहे. ज्ञान तेच, वाणी तीच, फक्त आडनाव बदललं. मला हा प्रसंग रुबिन यांच्या प्रयोगाचाच मराठी अवतार वाटतो, आणि तो प्रयोगाच्या कितीतरी आधी, एका खऱ्या आयुष्यात घडलेला आहे. त्यांनी आणखी एक गोष्ट नोंदवली आहे: दलित स्त्री असून संस्कृत शिकवते, याचं जाहीर कौतुक होऊ लागलं तेव्हा ते त्यांना सुखावत नव्हतं, बोचत होतं. कौतुकातल्या त्या ‘असून’मध्ये सगळा इतिहास आहे.

हे जुनं झालं, असं म्हणावं तर नोव्हेंबर २०१९ आठवतो. बनारस हिंदू विद्यापीठात संस्कृत विद्या धर्म विज्ञान संकायात, म्हणजे विद्याशाखेत, फिरोज खान यांची साहित्य शिकवण्यासाठी निवड झाली. वडील भजनं गाणारे, घरात संस्कृतचं वातावरण. निवड रीतसर झालेली. तरी विद्यार्थ्यांनी धरणं धरलं, कारण शिकवणारा मुस्लिम होता. शेवटी ते त्या संकायात न शिकवता कला शाखेच्या संस्कृत विभागात गेले. आपल्या सोलापूरच्या पंडित गुलाम दस्तगीर बिराजदारांनी सगळं आयुष्य संस्कृतच्या प्रसारात घालवलं, त्यांना पंडित ही पदवीही लोकांनी प्रेमाने दिली. पण एखाद्या बिराजदारांचा सत्कार करणं सोपं असतं. ज्या दिवशी तसा माणूस पाहुणा न राहता नेहमीचा शिक्षक होऊन वर्गात उभा राहतो, त्या दिवशी खरी परीक्षा असते, आणि त्या परीक्षेत आपण वारंवार नापास होतो.

मराठीत तरी वेगळं काय घडलं? फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आला, मराठी शिकला, आणि १६१६ मध्ये छापलेलं त्याचं ‘ख्रिस्तपुराण’ आपल्या भाषेचं लेणं ठरलं. त्याने केलेली मराठीची स्तुती आपण शाळेच्या पुस्तकांत छापतो, भाषणांत म्हणतो. योग्यच आहे. आता वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो आठवा. मराठी मातीतला माणूस, बायबलचा सुबोध मराठी अनुवाद केलेला, त्यासाठी साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळालेला. उस्मानाबादच्या ९३व्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून त्यांची निवड झाली तेव्हा ते ख्रिस्ती धर्मगुरू आहेत म्हणून विरोध झाला, धमक्याही आल्या. चारशे वर्षांपूर्वीच्या गोऱ्या पाद्र्याचं मराठीप्रेम आपल्याला भूषण वाटतं आणि शेजारच्या तालुक्यातल्या पाद्र्याचं मराठीपण आपण तपासून पाहतो. दूरच्या माणसाला आपली भाषा बक्षीस म्हणून देता येते. जवळच्याला द्यायची तर ती वाटून घ्यावी लागते, आणि तिथे आपला हात आखडतो.

बॉनी नॉर्टन या भाषाशिक्षणाच्या अभ्यासक. त्यांनी कॅनडात आलेल्या स्थलांतरित स्त्रियांचं इंग्रजी शिकणं जवळून पाहिलं आणि १९९५ मध्ये एक मुद्दा मांडला. बुजरी, आळशी, इच्छाशक्ती नसलेली असं शिकणाऱ्या बाईला म्हणण्याआधी एवढं पाहा, की तिला बोलायचा अधिकार कुणी देतं का. बोलणाऱ्याला समोरचा ऐकण्यालायक समजत असेल तरच शिकणारा तोंड उघडतो. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण भाषा चुकत चुकतच येते. दुसरा मार्ग नाही. लहान मूल ‘मी आली’ म्हणतं की ‘मी आलो’ म्हणतं याचा घोळ घालत घालत मोठं होतं आणि घर हसत हसत ते निभावून नेतं. मोठ्या वयात तीच मुभा जगाकडून मिळावी लागते. आणि ही मुभा सारखी वाटलेली नाही. काहींच्या चुका गोड वाटतात, तर काहींच्या चुका हा त्यांच्या मागासपणाचा पुरावा ठरतो.

कुठल्याही मराठी कार्यक्रमात एखादा युरोपीय पाहुणा उठून ‘मला मराठी आवडतो’ म्हणाला की टाळ्यांचा कडकडाट होतो. आवडतो की आवडते, कुणी पाहत नाही. तेच वाक्य बिहारहून आलेल्या सुरक्षारक्षकाच्या तोंडी आलं तर इमारतीत त्याची नक्कल होते. व्हिडिओ काढला जातो, दमदाटी होते, प्रसंगी हात उगारला जातो. शिवाय मराठीची मागणी कुणाकडे होते तेही पाहा. रिक्षावाला, भाजीवाला, डिलिव्हरी करणारा पोरगा यांच्याकडे ती होते. चाळिसाव्या मजल्यावर राहणाऱ्या आणि अख्खं आयुष्य मुंबईत इंग्रजीत काढणाऱ्या माणसाच्या दारात जाऊन कुणी त्याची परीक्षा घेत नाही. भीतीने माणूस एखादं वाक्य पाठ करतो, पण त्याच्या मनात त्या भाषेविषयी कायमची अढी बसते. मराठीवर प्रेम करणाऱ्या कुणालाही हे चालता कामा नये.

यावर रास्त प्रश्न येईल: म्हणजे मराठीचा आग्रह धरूच नये का? जरूर धरावा. मी स्वतः धरतो. मराठी ही या राज्याची भाषा आहे. तीस-तीस वर्षं इथे राहून, इथे कमावून एक वाक्य न शिकणारे लोक आहेत, आणि ‘हिंदीत बोला’ असं मराठी माणसालाच त्याच्या शहरात सुनावणारेही आहेत. तो उद्धटपणा आहे आणि त्याला ठाम उत्तर द्यायलाच हवं. २०२० मध्ये राज्यातल्या सगळ्या शाळांत मराठी सक्तीची करणारा कायदा झाला, तो योग्य होता. २०२४ मध्ये अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, त्याचा मला आनंद आहे. पण आग्रह धरणाऱ्यावर एक जबाबदारी येते. समोरचा मोडकंतोडकं बोलू लागला की त्याचं ऐकून घ्यायचं आणि त्याला मराठीतच उत्तर द्यायचं.

नेमकं हेच आपण करत नाही. अनोळखी चेहरा दिसला, जरा वेगळा रंग दिसला, डोळ्यांची ठेवण वेगळी दिसली की आपण मराठी माणसं आपोआप हिंदीवर जातो. मणिपूर-मिझोरमची कितीतरी मुलंमुली पुण्यात शिकतात, नोकऱ्या करतात. त्यातली एखादी धीर करून दुकानात ‘किती झाले?’ विचारते आणि उत्तर येतं, ‘दो सौ बीस’. ती पुन्हा मराठीत प्रयत्न करते, पुन्हा हिंदी. चार दुकानांत असं झालं की ती समजते, माझ्या तोंडी यांना मराठी ऐकू येत नाही. आणि मग आपणच तक्रार करतो की बाहेरची माणसं मराठी शिकत नाहीत. यात दुष्टावा नाही, उलट सौजन्य आहे असं आपल्याला वाटतं. पण रुबिनच्या विद्यार्थ्यांप्रमाणे इथेही डोळ्यांनी कानांवर मात केलेली आहे.

कॅनडातल्या क्युबेकमध्ये फ्रेंचची अवस्था कधी काळी अशीच होती. मानसशास्त्रज्ञ वॉलेस लँबर्ट यांनी १९६० मध्ये माँट्रियलमध्ये दाखवून दिलं की दोन्ही भाषा येणारा एकच माणूस इंग्रजीत बोलला तर लोक त्याला जास्त हुशार, जास्त भरवशाचा समजतात, आणि फ्रेंच भाषकही तसंच समजतात. १९७७ मध्ये तिथे फ्रेंच सनद आली. दुकानाच्या पाट्यांपासून शाळांपर्यंत फ्रेंच सक्तीची झाली. आपल्याकडे या सक्तीचा दाखला नेहमी दिला जातो. त्याच राज्यात नव्याने आलेल्या प्रौढांना सरकार मोफत फ्रेंच शिकवतं, हा दाखला मात्र क्वचित दिला जातो. तिथेही सगळं आलबेल नाही. पण आग्रहासोबत वर्ग चालवायचे असतात, हे त्यांना कळलं आहे.

आपल्याच राज्यातल्या आदिवासी मुलांना तर आपण शिकणारे मानायलाही तयार नाही. मेळघाटातल्या कोरकू, नंदुरबारच्या भिल्ल-पावरा, गडचिरोलीच्या गोंड मुलाला पहिलीत जी मराठी भेटते ती त्याची दुसरी भाषा असते. पुस्तक मात्र ती मातृभाषा असल्यासारखंच सुरू होतं. मूल गप्प बसतं आणि त्या गप्प बसण्याला ‘मंद’ असं नाव मिळतं. गडचिरोलीतल्या मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये स्वतःहून गोंडी माध्यमाची शाळा काढली, त्यामागे हे दुखणं आहे. आणि गावखेड्यातला मराठी मुलगा तालुक्याच्या कॉलेजात ‘पानी’ म्हणाला की वर्गात जी खसखस पिकते, ती तरी काय वेगळी आहे? त्याच्या ‘न’मध्ये चूक नाही. तो कुठल्या घरातून आला हे त्या ‘न’वरून कळतं, म्हणून हसू येतं.

फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी करार केला. दहा हजार तरुणांना तिकडे कामासाठी पाठवायचं, त्यांना इथेच जर्मन शिकवायचं, अशी ती योजना. परिचारिका, इलेक्ट्रिशियन, चालक होऊ पाहणारी आपली मुलं यात आहेत. ती क्रियापदाची रूपं घोकतील, परीक्षा देतील, आणि मग स्टुटगार्टच्या एखाद्या वॉर्डात अंथरुणावरचा म्हातारा त्यांचा सावळा चेहरा पाहून म्हणेल, मला कळत नाही ही काय बोलते. तेव्हा त्या मुलीची बाजू आपण सगळे घेऊ. तिच्या जर्मनमध्ये दोष नाही, नीट ऐका, असं म्हणू. तिच्यासाठी जो न्याय मागू, तोच कांदिवलीच्या वॉचमनला लागू आहे.

करता येण्यासारख्या गोष्टी फार अवघड नाहीत. मुंबई विद्यापीठाच्या जर्मन विभागाने राज्य मराठी विकास संस्थेबरोबर अमराठी प्रौढांसाठी ‘माय मराठी’ हा अभ्यासक्रम तयार केलेला आहे. परकी भाषा शिकवण्याचा अनुभव असलेल्या लोकांनी तो केला, हे विशेष. तो विद्यापीठाच्या आवारातून बाहेर पडून बांधकामाच्या साइटवर, रिक्षा स्टँडजवळच्या शाळेत संध्याकाळी सात वाजता, मोफत चालला पाहिजे. मराठीच्या नावाने संघटना चालवणाऱ्यांनी प्रत्येक शाखेत असा एक वर्ग उघडावा; मनुष्यबळ त्यांच्याकडे भरपूर आहे. डी.एड., बी.एड.च्या अभ्यासक्रमात दुसरी भाषा म्हणून मराठी शिकणाऱ्या मुलाशी कसं बोलावं याचे तास हवेत, आणि नंदुरबार-गडचिरोलीत नेमणूक होणाऱ्या शिक्षकाला आधी तिथली भाषा शिकायला सहा महिने पगारी मुदत हवी. बाकीच्यांनी उद्यापासून एक करावं. समोरच्याने मराठीत एक शब्द जरी उच्चारला, तरी हिंदीवर न जाता, त्याची चूक लगेच न दाखवता, सावकाश मराठीत उत्तर द्यावं. आणि त्याला समजलं नाही तर तेच वाक्य पुन्हा एकदा, आणखी सावकाश म्हणावं.